पाच हजारांची थंडी

"थंडीत सायकलने कामावर जाताय? थर्मल, पॅडेड जॅकेट, लोकरीचे हातमोजे घ्या. पाच हजार बाजूला काढा, नाहीतर छातीत गारवा भरून न्यूमोनिया!" दर डिसेंबरात हा निरोप फिरतो. लिहिणारा मनालीत राहत असावा.

मी ठाण्याजवळच्या कळव्याहून विटावा, दिघा, रबाळे करत नवी मुंबईतल्या महापेला सायकलने जातो, चाळीसेक मिनिटं. आपल्याकडे पहाटे पारा सहसा १५ ते १८ अंश, दुपारी ३०.

आधी थर्मल. पायडल मारताना खर्च होणाऱ्या ऊर्जेचा तीन चतुर्थांश किंवा जास्तच भाग उष्णता होतो. शेगडी अंगातच पेटलेली असते. थर्मल घालून निघालात की दिघ्यापर्यंत घामाने चिंब, आणि सिग्नलला थांबलात की तोच घाम गार पडून हुडहुडी भरवतो. दाराबाहेर पडताना जरा कुडकुडलात, तर कपडे बरोबर आहेत असं समजा. सुती बनियन ओलं झालं की ओलंच राहतं. कुठल्यातरी मॅरेथॉनमध्ये मिळालेला पॉलिस्टरचा टी-शर्ट घाला, वर जुना फुल शर्ट. झालं.

जॅकेटमागचं कारण मात्र खोटं नाही: वारा बोचतोच. घणसोलीचा उड्डाणपूल उतरताना छातीला जाणवतो. पण त्याला शर्टाच्या आत वर्तमानपत्राची घडी पुरते. युरोपातले जुने शर्यतवाले घाट उतरताना हेच करायचे. पावसाळी रेनकोट नको, आत वाफाळून निघाल.

लोकरीच्या हातमोज्यांतून वारा आरपार जातो. हार्डवेअरच्या दुकानातले कामगारांचे रबर लावलेले मोजे घ्या, ब्रेकही घट्ट धरता येतो. कानांना रुमाल, माकडटोपीवर हेल्मेट नीट बसत नाही.

न्यूमोनिया जंतूंमुळे होतो, वाऱ्यामुळे नाही. दमा असेल तर गोष्ट वेगळी: गार, कोरड्या हवेने धाप लागते, तेव्हा नाक-तोंड झाकाच आणि डॉक्टरांना विचारा.

पैसे खर्चायचेच तर एन-९५ मास्कवर खर्चा. हिवाळ्यात धूळ-धूर जमिनीलगत अडकून राहतो आणि ठाणे-बेलापूर रोडवर ट्रक काही कमी नसतात. दुसरा खर्च मागच्या लाल दिव्याचा. जानेवारीत सूर्य सातनंतर उगवतो. पहिल्या पाळीला निघालात तर अर्धा रस्ता अंधारातच.

संध्याकाळी फुल शर्ट सॅकमध्येच राहतो. वर्तमानपत्र कोरडं असेल तर दुपारी डब्याखाली अंथरतो.