ॲपलने ब्लू-रे ‘निवडले’ म्हणजे नेमके काय केले?

डीव्हीडीची जागा घेऊ पाहणाऱ्या, जास्त स्पष्ट सिनेमा मावणाऱ्या एचडी डीव्हीडी आणि ब्लू-रे या दोन डिस्क-प्रकारांच्या जुन्या भांडणाचा विषय निघाला की एक मजकूर हमखास पुढे येतो. त्याचा आशय असा: ‘२००५ मध्ये ॲपलने एचडी डीव्हीडी नाकारून ब्लू-रे निवडले. ॲपल पाठीशी उभे राहिले म्हणून ब्लू-रे जिंकले. पण आयट्यून्स या आपल्या ऑनलाइन दुकानात सिनेमे विकायचे होते, म्हणून मॅकमध्ये ब्लू-रे ड्राइव्ह कधी बसवलाच नाही. मॅकवर ब्लू-रे चालतच नाही, विंडोजवर सगळे चालते.’ यातल्या फक्त एका विधानात अर्धे तथ्य आहे. बाकीची चूक आहेत, आणि शेवटच्या चुकीपायी लोक आजही एक उपयोगाची वस्तू घ्यायचे टाळतात.

‘ॲपलने एचडी डीव्हीडी नाकारले’

१० मार्च २००५ रोजी ॲपल ब्लू-रेचे मानक ठरवणाऱ्या ब्लू-रे डिस्क असोसिएशन या संघटनेच्या संचालक मंडळात दाखल झाले, हे खरे. पण पुढच्याच महिन्यात ॲपलने डीव्हीडी स्टुडिओ प्रो ४ हे डिस्क बनवायचे सॉफ्टवेअर जाहीर केले, आणि त्यात सोय दिली ती एचडी डीव्हीडी बनवायची. तेव्हा बाजारात एचडी डीव्हीडीचा एकही प्लेअर आलेला नव्हता. तरीही हे जमत होते, कारण एचडी डीव्हीडीची फाइलरचना साध्या डीव्हीडी-आर वरसुद्धा लिहिता येत असे. ४.७ जीबीच्या डिस्कवर एच.२६४ या पद्धतीने आकसलेले चित्रण सेकंदाला ८ मेगाबिटने बसवले तर सुमारे ७८ मिनिटे मावतात. अशी डिस्क टायगर या मॅकच्या तेव्हाच्या ऑपरेटिंग सिस्टीममधल्या डीव्हीडी प्लेअरवर, पॉवर मॅक जी५ असेल तर, चालत असे. उलट ज्याची ‘निवड’ केली म्हणतात, ते ब्लू-रे बनवायची सोय डीव्हीडी स्टुडिओ प्रोमध्ये शेवटपर्यंत आली नाही.

म्हणजे संघटनेत खुर्ची घेणे वेगळे आणि यंत्रात ड्राइव्ह बसवणे वेगळे. खुर्ची घेतली की मानकाचा मसुदा ठरताना बोलता येते. त्याने कारखान्यात काहीच बदलत नाही.

दोन फॉरमॅटपुढे खरोखर अडून बसलेला कॉम्प्युटर बनवणारा पाहायचा असेल तर एचपीकडे पाहा. जानेवारी २००४ मध्ये एचपी आणि डेल ब्लू-रेच्या गटात आले. ऑक्टोबर २००५ मध्ये एचपीने त्याच गटापुढे दोन मागण्या ठेवल्या. एक, विकत घेतलेल्या डिस्कची घरच्या कॉम्प्युटरवर अधिकृत प्रत करू देणे सक्तीचे करा. दोन, डिस्कवरच्या मेनूसाठी जावाच्या जोडीला एचडी डीव्हीडीतली आयएचडी प्रणालीही घ्या. पहिली मान्य झाली, दुसरी नाही. डिसेंबर २००५ मध्ये एचपीने दोन्ही फॉरमॅटना पाठिंबा जाहीर केला. यात काय मागितले आणि काय मिळाले हे स्पष्ट दिसते. ॲपलच्या बाबतीत असा जाहीर सौदा झालाच नव्हता.

‘ॲपलमुळे ब्लू-रे जिंकले’

ब्लू-रे ड्राइव्ह आत बसवलेला एकही मॅक ॲपलने विकला नाही. न विकलेल्या ड्राइव्हने बाजार कसा फिरेल? निकाल फिरवला तो नोव्हेंबर २००६ मध्ये आलेल्या सोनीच्या प्लेस्टेशन ३ या गेम-यंत्राने, कारण त्या प्रत्येक खोक्यात ब्लू-रे ड्राइव्ह होता. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स ३६० या गेम-यंत्रासाठीचा एचडी डीव्हीडी ड्राइव्ह मात्र वेगळा, १९९ डॉलर मोजून घ्यावा लागे. मग ४ जानेवारी २००८ रोजी वॉर्नर या सिनेमा स्टुडिओने फक्त ब्लू-रेकडे जायचे जाहीर केले, १५ फेब्रुवारीला वॉलमार्ट या अमेरिकी दुकानसाखळीने तेच केले आणि १९ फेब्रुवारीला एचडी डीव्हीडीची मुख्य पाठीराखी तोशिबा हिने ते बंद केले. वॉर्नरच्या घोषणेपासून शेवटापर्यंत सात आठवडेही लागले नाहीत. या सगळ्यात कॉम्प्युटर कंपन्यांचा वाटा दुय्यम होता.

‘ड्राइव्ह दिला नाही तो फक्त आयट्यून्ससाठी’

अर्धे तथ्य आहे ते इथे, म्हणून इथे जरा थांबायला हवे.

आधी तारखा जुळवा. मार्च २००५ मध्ये आयट्यून्सवर व्हिडिओ विक्रीच नव्हती. सिनेमे आले सप्टेंबर २००६ मध्ये, तेही ६४० बाय ४८० चे. एचडी सिनेमे विकत मिळू लागले मार्च २००९ मध्ये. त्यामुळे सुरुवातीपासून हा डाव होता, असे म्हणता येत नाही.

१४ ऑक्टोबर २००८ रोजी नवी मॅकबुक दाखवताना स्टीव्ह जॉब्सने ब्लू-रेला दुखण्याचे पोते म्हटले. परवाने फार गुंतागुंतीचे आहेत, सगळे स्थिरावेपर्यंत त्याचा आणि ड्राइव्हचा खर्च ग्राहकांवर लादणार नाही, असा त्याचा सूर होता. पुष्कळ लोक याला बहाणा समजतात. पण तेव्हा ब्लू-रेची पेटंटे अनेक कंपन्यांकडे विखुरलेली होती आणि प्रत्येकाचे दार वेगळे ठोठवावे लागे. पॅनासॉनिक, फिलिप्स आणि सोनी यांनी एकाच खिडकीवर परवाना देण्याची योजना जाहीर केली ती फेब्रुवारी २००९ मध्ये, म्हणजे जॉब्सच्या भाषणानंतर चार महिन्यांनी. तिच्यात प्लेअरमागे ९.५० डॉलर आणि रेकॉर्डरमागे १४ डॉलर असे दर होते.

पैशापेक्षा अवघड होती ती एएसीएस ही कुलूपव्यवस्था. सिनेमाच्या ब्लू-रे डिस्कवरचा मजकूर कुलूपबंद असतो. तो उघडणाऱ्या प्रोग्रॅमला परवान्याची चावी लागते, चित्र पडद्याकडे जाताना वाटेत कोणी टिपू नये म्हणून एचडीसीपी हे केबलवरचे कुलूप लागते, आणि उलगडलेले चित्र दुसऱ्या प्रोग्रॅमच्या हाती लागणार नाही याची हमी ऑपरेटिंग सिस्टीमला द्यावी लागते. चावी फुटली तर ती रद्द होते. हे नुसते कागदावर नव्हते: एप्रिल २००७ मध्ये विंडोजवरच्या विनडीव्हीडी या प्लेअर प्रोग्रॅमची चावी रद्द झाली, आणि ज्यांनी अपडेट घेतला नाही त्यांच्याकडे नव्या डिस्क चालेनाशा झाल्या. ग्राहकाने पैसे मोजलेला सिनेमा एका सकाळी बंद पडतो आणि तक्रार येते ती कॉम्प्युटर बनवणाऱ्याकडे.

शिवाय ब्लू-रेचा परवानाधारी प्लेअर चित्रण आकसण्याच्या एमपेग-२, व्हीसी-१ आणि एच.२६४ अशा तिन्ही पद्धती वाचू शकला पाहिजे, तेही सेकंदाला ४० मेगाबिटपर्यंत. मॅकमध्ये एच.२६४ चा भार ग्राफिक्स चिपवर टाकायची सोय ऑगस्ट २००९ च्या स्नो लेपर्ड या मॅक ऑपरेटिंग सिस्टीममध्ये आली, तीही आधी एनव्हिडियाच्या ९४००एम चिपपुरती. व्हीसी-१ चा सारा भार प्रोसेसरवरच पडला असता.

आता दुसरी बाजू. त्याच ऑक्टोबर २००८ च्या मॅकबुकमध्ये मिनी डिस्प्लेपोर्ट या पडदा जोडायच्या पोर्टबरोबर एचडीसीपी आलेच होते. आयट्यून्सचे काही सिनेमे जुन्या पडद्यांवर दिसेनात, म्हणून लोक ओरडलेही होते. म्हणजे स्वतःच्या दुकानासाठी कुलूप लावायला ॲपल तयार होते. त्यात जानेवारी २००८ पासून मॅकबुक एअर बिनड्राइव्हचे विकले जात होते. धंद्याचा हिशेब त्यात होता, हे आम्हीही मान्य करतो. पण ‘फक्त’ हा शब्द लावला की वरचा सगळा तांत्रिक भाग झाकला जातो.

‘मॅकवर ब्लू-रे चालतच नाही’

ब्लू-रे या एका शब्दात तीन गोष्टी कोंबल्या जातात: कोरी डिस्क, ड्राइव्ह आणि सिनेमाचे कुलूप. मॅकवर अडते ते फक्त तिसऱ्याशी. ॲपलने कुलूप उघडणारा प्लेअर दिला नाही. डेटा वाचायला आणि लिहायला मॅकओएस वर्षानुवर्षे तयार आहे. डेटा लिहिणे रॉक्सिओ कंपनीच्या टोस्ट ८ या सॉफ्टवेअरने २००७ मध्येच जमवले होते, आणि जुलै २००९ मध्ये ॲपलच्याच फायनल कट प्रो ७ या व्हिडिओ संपादनाच्या सॉफ्टवेअरमधून साध्या मेनूसह ब्लू-रे डिस्क लिहिता येऊ लागली. तुम्ही स्वतः बनवलेल्या डिस्कला कुलूप नसते, म्हणून ती व्हीएलसी या मोफत प्लेअरमध्येही उघडते.

जुने चित्रीकरण किंवा फोटो जपायचे असतील तर पद्धत अशी.

ॲपलचा यूएसबी सुपरड्राइव्ह हा डीव्हीडी ड्राइव्ह घेऊ नका. त्यात ६५० नॅनोमीटरचा लाल लेझर आहे आणि ब्लू-रेला ४०५ नॅनोमीटरचा निळा-जांभळा लागतो. डिस्क आत जाईल आणि तशीच बाहेर येईल. कोणताही बाहेरचा यूएसबी ब्लू-रे रायटर चालतो, वेगळा ड्रायव्हर लागत नाही. तो थेट मॅकला जोडा, वीज नसलेल्या हबला नाही. यूएसबी २ च्या पोर्टमधून अधिकृतपणे अर्धा अँपिअर मिळतो, यूएसबी ३ मधून ०.९. लिहिताना लेझर आणि मोटर मिळून हबमधून मिळते त्याहून जास्त ओढू शकतात. मग ड्राइव्ह टक-टक करतो, मध्येच सुटतो आणि डिस्क वाया जाते. बीडी-आर, म्हणजे साधी कोरी ब्लू-रे डिस्क, एकदाच लिहिता येते. मोठा, ५.२५ इंची ड्राइव्ह घेतला तर त्याला १२ व्होल्टचा स्वतंत्र ॲडॉप्टर लागेलच.

कोरी डिस्क घालून टर्मिनल या मॅकमधल्या आज्ञा टाइप करायच्या प्रोग्रॅममध्ये ‘ड्रूटिल स्टेटस’ (drutil status) ही आज्ञा द्या. प्रकारापुढे (Type) बीडी-आर (BD-R) दिसले म्हणजे ड्राइव्ह आणि डिस्कचे जुळले. पुढे फाइंडरमध्ये एक फोल्डर करून त्यात फाइली टाका आणि फाइल मेनूतून तो डिस्कवर लिहा (बर्न करा). एकाच थराच्या डिस्कवर २५.०३ जीबी मावते. मॅक दशमान मोजतो म्हणून हाच आकडा दिसेल. विंडोज त्याच जागेला २३.३ म्हणतो. यावरून ‘डिस्क खोटी निघाली’ अशी तक्रार करू नका. काठोकाठ न भरता २४.५ वर थांबा.

एखादी फाइल ४ जीबीहून मोठी असेल आणि डिस्क विंडोजवरही उघडायची असेल, तर आधी टर्मिनलमध्ये ‘एचडीआययूटिल मेकहायब्रिड’ला (hdiutil makehybrid) यूडीएफ या फाइलरचनेचा पर्याय (-udf) देऊन इमेज, म्हणजे पूर्ण डिस्कची एकच फाइल, बनवा आणि मग तीच लिहा. वेग कमी ठेवा. २x ला सेकंदाला ९ एमबी, म्हणजे पूर्ण डिस्कला सुमारे ४६ मिनिटे. ६x ला हिशेबाने पंधरा-सोळा, प्रत्यक्षात थोडी जास्त. पडताळणीचा वेळ वेगळा धरा, ती टाळू नका, आणि तेवढ्या वेळात मॅकला झोपू देऊ नका.

‘विंडोजवर सगळे चालते’ याचेही एकदा पाहून घ्या. ४के ब्लू-रे सिनेमा अधिकृतपणे कॉम्प्युटरवर पाहायला इंटेलची एसजीएक्स ही प्रोसेसरमधली सोय लागते. घरगुती प्रोसेसरमधून इंटेलने ती अकराव्या पिढीपासून काढून टाकली. त्यामुळे नवा, महागडा विंडोज कॉम्प्युटर घेतला तरी तो सिनेमा अधिकृत मार्गाने लागत नाही.

डिस्क घेताना वेष्टनावर एलटीएच ही अक्षरे दिसली तर ती परत ठेवा. त्यात सीडी-आरसारखा सेंद्रिय रंग असतो आणि तो उजेडात लवकर खराब होतो. साधी बीडी-आर अजैविक थराची असते, जपणुकीला तीच घ्या. सीडीत डेटा छापील बाजूखाली असतो. ब्लू-रेत तो चकचकीत बाजूपासून फक्त ०.१ मिलिमीटर आत असतो, म्हणून त्या बाजूवरचा ओरखडा महागात पडतो. नाव लिहायचे ते वरच्या बाजूला, मऊ टोकाच्या मार्करने. कागदी स्टिकर लावू नका. डिस्क फिरताना तोल जातो आणि काठाकडचा, म्हणजे सर्वांत शेवटी लिहिलेला भाग आधी वाचेनासा होतो.