ट्रॅकच्या आधी दीड मीटर

पुण्यात सायकलचा विषय निघाला की चर्चा सायकल ट्रॅकपाशीच येऊन अडते. महापालिकेने २०१७ मध्ये सायकल आराखडा मंजूर केला. पण ट्रॅकवर आज पार्किंग, हातगाड्या आणि उखडलेले पेव्हर ब्लॉक आहेत. लोकांचा संताप रास्तच आहे. तरी ट्रॅक कितीही चांगला झाला, तरी घरापासून तिथवर मोटारींच्या गर्दीतूनच जावं लागणार. इथे ब्रिटनमध्येसुद्धा बहुतेक रस्त्यांना ट्रॅक नाही. इथे आधार आहे तो अंतराच्या नियमाचा, आणि तो मोडणाऱ्याच्या घरी जाणाऱ्या नोटिशीचा.

जानेवारी २०२२ पासून इथला हायवे कोड, म्हणजे रस्त्यावरच्या नियमांची सरकारी पुस्तिका, सांगते: ताशी ३० मैलांपर्यंत सायकलला ओलांडताना किमान दीड मीटर अंतर ठेवा, वेग जास्त असेल तर आणखी. आता हिशेब करा. सायकलस्वार कडेपासून पाऊण मीटरवर, अर्धं हँडल ३० सेंटीमीटर, मग दीड मीटर, आणि आरशांसकट मोटार दोन मीटर. झाले साडेचार. लेन असते तीन-साडेतीन मीटरची. म्हणजे नीट ओलांडायचं तर गाडीला शेजारच्या लेनमध्ये जावंच लागतं. मग सायकलस्वाराने गटाराच्या जाळीला चिकटून कुणाचं भलं होतं? उलट मागच्याला वाटतं, जागा आहे, घुसू या. अरुंद रस्त्यावर आणि चौकाच्या अलीकडे लेनच्या मधून चालवा, असं हायवे कोडच सांगतो. उभ्या गाड्यांपासूनही दार उघडेल एवढं, निदान एक मीटर लांब राहा.

इथल्या वेस्ट मिडलंड्स, म्हणजे बर्मिंगहॅम भागातल्या, पोलिसांनी २०१६ मध्ये साध्या कपड्यातला पोलीस सायकलवर पाठवायला सुरुवात केली. कुणी घासून गेलं की तो पुढच्या सहकाऱ्याला वायरलेसवर कळवतो. चालकाला थांबवून जमिनीवर एक मोठी चटई अंथरतात. तिच्यावर सायकल आणि दीड मीटर आखलेले असतात. बहुतेकांना आपण किती जवळून गेलो याचा अंदाजच नसतो, तो तिथे येतो.

जो मुद्दाम गाडी अंगावर घालतो, त्याच्याशी हुज्जत नको. ब्रेक लावा, त्याला पुढे जाऊ द्या आणि गाडीचा नंबर मोठ्याने म्हणा, म्हणजे सायकलवरच्या कॅमेऱ्यात आवाज राहतो. हा व्हिडिओ इथे पोलिसांना पाठवता येतो. व्हिडिओत आपलीच शिवीगाळ असली की तक्रार लंगडी पडते. कापलेला तुकडा नव्हे, आधीच्या-नंतरच्या एक-दोन मिनिटांसकट मूळ फाइल द्यायची, कॅमेऱ्याचं घड्याळ बरोबर ठेवायचं, आणि दोन-तीन दिवसांत पाठवायचं. कारण गाडीच्या मालकाला १४ दिवसांत नोटीस गेली नाही तर खटला सहसा उभा राहत नाही. सगळीकडची पोलिसं सारखी तत्पर नाहीत. काही ठिकाणी नुसतं समजपत्र जातं. पण तेही घरी पोहोचतं.

आपल्याकडे भारतातही याला पाया आहे. धोकादायक चालवण्याला मोटार वाहन कायद्याचं कलम १८४ आहे. चालक कोण होता हे सांगणं कलम १३३ ने मालकाला बंधनकारक आहे. सरकारमान्य कॅमेऱ्यांनी टिपलेल्या गुन्ह्याची नोटीस १५ दिवसांत जावी, असा केंद्राचा २०२१ चा नियमही आहे. नागरिकाच्या व्हिडिओलाही अशीच मुदत बांधून द्यावी, ही मागणी ट्रॅकच्या मागणीइतक्याच जोराने व्हायला हवी. दुचाकींच्या गर्दीत दीड मीटर कुठून आणणार, हा आक्षेप खरा आहे. पण गाड्या रांगत असतात तिथे घासून जाण्याचा धोकाही कमी. जीव घेतात ते वेगातले डंपर, टँकर आणि बस. म्हणून सुरुवात बस डेपोपासून करावी: गेटच्या आत चटई अंथरायची आणि चालकाला सायकलवर बसवून शेजारून बस न्यायची.