विंडोज.ओल्डमध्ये काय उरतं? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

"विंडोजवर विंडोज टाकली की डेटा जातो, असं लिहून तुम्ही लोकांना उगाच घाबरवता. मी दहा मशीनवर फॉरमॅट न करता (म्हणजे ड्राइव्ह न पुसता) टाकली, सगळं विंडोज.ओल्डमध्ये मिळालं," असं तुम्ही विंडोज पुन्हा टाकण्याबद्दलच्या माझ्या लेखावर म्हणता. माझं ते वाक्य चुकलंच होतं. फॉरमॅट केलं नाही तर जुने विंडोज, प्रोग्रॅम फाइल्स आणि यूजर्स हे फोल्डर उचलून विंडोज.ओल्डमध्ये ठेवले जातात. लेखात दुरुस्ती केली आहे.

पण 'सगळं मिळालं' हे मला पटत नाही. नारायण पेठेत लग्नपत्रिकांचं डीटीपी (संगणकावर मजकुराची जुळणी) करणाऱ्या एक बाई ओळखीच्या आहेत. त्यांच्या मशीनवर भाच्याने पेनड्राइव्हवरून विंडोज टाकली, फॉरमॅट न करता. फाइली सापडल्या. मी गेलो तेव्हा त्यांनी एक पत्रिका उघडून दाखवली. 'श्री गजानन प्रसन्न' हवं तिथे इंग्रजी अक्षरं, कंस, टक्क्याची चिन्हं, डोक्यावर दोन टिंबं असलेली परकी अक्षरं. त्यांचं सगळं जुनं काम युनिकोड (प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी पद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये आहे. अशा फाइलीत मराठी अक्षरं नसतातच. इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असतात, आणि ते आकार असतात फॉन्टमध्ये. फॉन्ट होते जुन्या विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमध्ये, म्हणजे विंडोज.ओल्डमध्येच! तिथून परत घालता आले असते. पण १२० जीबीच्या एसएसडीवर दोन विंडोज मावेनात, सी ड्राइव्ह लाल झाला, म्हणून भाच्याने डिस्क क्लीनअपने जुनी विंडोज उडवली होती. त्याला मी दोष देत नाही, त्या फोल्डरमध्ये काय आहे हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. शेवटी माळ्यावरच्या खोक्यात फॉन्टची सीडी मिळाली. तोवर तीन दिवस पत्रिका अडकल्या, आणि मुहूर्त काही पुढे जात नाही.

प्रोग्रॅमचंही तसंच. त्यांच्या फाइली विंडोज.ओल्डमध्ये दिसतात, पण नव्या रजिस्ट्रीला (विंडोजच्या सेटिंग आणि प्रोग्रॅमच्या नोंदवहीला) त्यांचा पत्ता नसतो. ते पुन्हा इन्स्टॉलच करावे लागतात. शिवाय हा फोल्डर कायमचा नाही. अपग्रेडनंतर तर १० दिवसांनी विंडोज तो स्वतःच पुसते.

मला वाटतं, आपण दोघं दोन वेगळ्या गोष्टींबद्दल बोलतोय. मशीन सुरू होत असेल तर चालू विंडोजच्या आतूनच सेटअप चालवावा. तिथे 'फाइली आणि अॅप ठेवा' असा पर्याय मिळतो, फॉन्टही राहतात. ही पद्धत खरंच चांगली आहे आणि ती मी आधी लिहायला हवी होती. पेनड्राइव्हवरून बूट केलं की मात्र तो पर्याय मिळत नाही. आणि लोक दुकानात धावतात ते बहुतेक वेळा मशीन बूटच होत नाही तेव्हा.

त्यात लॅपटॉप नवा असेल तर ड्राइव्ह बिटलॉकरने, म्हणजे विंडोजच्याच एन्क्रिप्शनने, कुलूपबंद असू शकतो. तो उघडणारी ४८ अंकी रिकव्हरी की हाताशी नसेल तर तो ड्राइव्ह फॉरमॅट करण्यावाचून गत्यंतर नाही. तिथे विंडोज.ओल्ड तयारच होत नाही. म्हणून 'बॅकअप आधी घ्या' हे लेखातलं वाक्य मी काढणार नाही. त्यात फॉन्ट्स फोल्डरची प्रत आणि ती की कागदावर, एवढी भर घातली आहे.

तुमच्या दहांपैकी किती मशीन आतून सेटअप चालवून झाल्या आणि किती पेनड्राइव्हवरून, ते जरूर कळवा. लेखात तो भाग अजून अपुरा आहे.