‘काम चालू आहे’ ही पाटी काढू नका

मालक, काल रात्री तुमच्या पेपरची वेबसाइट उघडली आणि ऊर भरून आला. वर ‘जिल्ह्याचा बुलंद आवाज’, शेजारी दौत-लेखणीचं चित्र आणि खाली उजवीकडून डावीकडे सरकणारी ताजी बातमी : नगरपालिकेसाठी सोमवारपासून अर्ज. कोणत्या सालचा सोमवार, ते लिहिलेलं नाही. त्या सोमवारी अर्ज भरलेले एक गृहस्थ निवडून आले, नगराध्यक्ष झाले, पक्ष बदलून परत आले, त्यांची मुदत संपली, प्रशासक आला, तोही बदलून गेला. बातमी आपली सरकतेच आहे. कोपऱ्यात आजची तारीख मात्र अचूक, अगदी सेकंदासकट.

तळाशी गुगल प्लसचं लाल चिन्ह आहे. गुगलने ते दुकान एप्रिल २०१९ मध्ये बंद केलं, पण तुम्ही साथ सोडली नाहीत. त्याच्या बाजूला ‘आपण ०००३४७ वे वाचक आहात’. बाकी ‘शेतीवाडी’, ‘बाजारभाव’, ‘निधन वार्ता’, ‘संपर्क’ यांपैकी कशावरही बोट ठेवलं की फावडं मारणारा पिवळ्या टोपीतला माणूस आणि पाटी : काम चालू आहे. आपल्या बायपासवर हीच पाटी आहे, त्यामुळे वाचकाला घरच्यासारखं वाटतं.

हल्ली गावातली काही शहाणी पोरं तुमच्या कार्यालयात येऊन वेबसाइट नीट करा म्हणून सांगतात, असं कानावर आलं. त्यांना चहा पाजा आणि वाटेला लावा. मी सांगतो ते करा. म्हणजे काहीही करू नका, पण ते न करणं जरा पद्धतशीर हवं.

आधी फॉन्ट. तुमचा ऑपरेटर वीस वर्षं कृतीदेवमध्ये टाइप करतोय, त्याची सवय मोडू नका. युनिकोडमध्ये, म्हणजे जगभरच्या संगणकांना कळणाऱ्या अक्षरांच्या सामाईक पद्धतीत, देवनागरी १९९१ पासून आहे. एवढी नवी गोष्ट जरा मुरू द्यावी. शिवाय जुन्या फॉन्टची खुमारी वेगळीच. कृतीदेवमध्ये ‘मराठी’ असं टाइप केलं की डोळ्यांना मराठी दिसतं, पण संगणकाच्या पोटात साठतं ते ई, जे, के, बी, एच. म्हणजे इंग्रजी अक्षरांना घातलेला मराठी मुखवटा. ज्याच्या मशीनवर फॉन्ट आहे त्याला बातमी, बाकीच्या जगाला ‘ईजेकेबीएच’. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला, तेव्हा तुम्ही आठ कॉलमी मथळा दिलात, तोसुद्धा संगणकाच्या लेखी ईजेकेबीएचच होता. आता गावाचं नाव मराठीत टाकून कुणी शोधलं तर तुमचा पेपर कसा सापडणार? नाही सापडणार. तेच तर हवंय. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारी साधनं फुकट मिळतात, पानभर मजकूर मिनिटभरात पालटतो, एखाद-दुसरा रफार इकडेतिकडे उडतो एवढंच. हे ऑपरेटरच्या कानावर जाऊ देऊ नका.

तसा फॉन्टचा प्रश्न तुम्ही केव्हाच निकालात काढलाय म्हणा. एप्रिल २०२० मध्ये सरकारने घरोघर पेपर टाकायला मनाई केली, तेव्हा तुम्ही पानं व्हॉट्सॲपवर सोडायला लागलात. त्या दिवसांत ते शहाणपणाचं होतं, मी स्वतः वाट बघायचो. मनाई उठली, सवय राहिली. आता मजकूरच नाही, पानाचा फोटो. बातमी वाचायची तर दोन बोटांनी पान ताणायचं, ताणलं की ओळीची सुरुवात डाव्या बाजूने घसरते, ती पकडावी तर शेवट उजवीकडून पळतो. कसंबसं तळाला यावं तर ‘पान ४ वर’. पान चार वेगळ्या मेसेजात, आणि दोहोंच्या मध्ये गुलाबाची सतरा फुलं, दोन सुविचार आणि ‘पाणी आज येणार का?’ असा कुणाचा तरी प्रश्न. उत्तर पान चारवरच होतं, डाव्या कोपऱ्यातल्या चौकटीत. वाचलं कुणी?

हे झालं तांत्रिक. आता तुमच्या खऱ्या सेवेकडे येतो. तुमच्या पेपरचं पोट बातम्यांवर भरत नाही, ते भरतं जाहीर नोटिशींवर. ‘तमाम लोकांस कळविण्यात येते की, खालील वर्णनाची मिळकत आमचे अशील खरेदी करीत असून, सदर मिळकतीत कोणाचाही हक्क, हितसंबंध, बोजा वा दावा असल्यास पंधरा दिवसांत…’ गट नंबर, चतुःसीमा, सगळं मुंगीच्या अक्षरात. आता समजा, जमीन वडिलोपार्जित आहे, विकणारे दोन भाऊ इथे आणि बहीण डोंबिवलीत. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने मुलीचा वाटा मुलाइतकाच झाला, हे भावांना माहीत आहे, वकिलांना तर आहेच. नोटीस द्यायची तर रीत आहे. पण ती तमाम लोकांस कळावी अशी काही सर्वांचीच इच्छा नसते. अशा वेळी वकीलसाहेब खपाचा मोठा पेपर बघत नाहीत, तुमचं दार ठोठावतात. तुमचा अंक डोंबिवलीला जात नाही. आणि वेबसाइटवर, फोटोतल्या मुंगीच्या अक्षरात, गट नंबर टाकून शोधायची सोय नाही. बहिणीचा हक्क काही पंधरा दिवसांत हवेत विरत नाही. पण खरेदीखत होऊन जातं, मग ती, तिचा नवरा आणि तारखा.

तुमची वेबसाइट उद्या नीट झाली, प्रत्येक नोटीस मजकूर म्हणून चढली, गावाच्या आणि गट नंबरच्या नावाने सापडायला लागली, तर हा गिऱ्हाईकवर्ग हातचा जाईल. विचार करा. टेंडर नोटिशीचंही तेच. ती सगळ्यांना दिसली तर सगळेच भरतील, मग ठरलेल्या तीन ठेकेदारांनी दरवर्षी भरायचं काय?

जुने अंक तर मुळीच चढवू नका. माळ्यावर बांधून ठेवलेले तुमचे गठ्ठे मी पाहिलेत. गावाला पहिली नळयोजना आली त्याची बातमी त्यात आहे, महापुराचे फोटो आहेत, साखर कारखान्याच्या मोळीपूजनाचे फोटो आहेत, आणि ‘दोन वर्षांत उड्डाणपूल’ हे आश्वासन तीन वेगवेगळ्या निवडणुकांत तीन वेगवेगळ्या पक्षांकडून एकाच गृहस्थाने दिल्याच्या तीन बातम्या आहेत. गावात हे दुसरीकडे कुठेही लिहिलेलं नाही. हे सगळं स्कॅन होऊन शोधता येईल असं झालं, तर ते गृहस्थ तुमच्या वर्धापनदिनाला पहिल्या रांगेत बसतील का? पूर्ण पान ‘हार्दिक शुभेच्छा’ देतील का? त्यापेक्षा वाळवी बरी. नियमित वाचते, आणि कुणाला काही सांगत नाही.

दर सहा जानेवारीला तुम्ही बाळशास्त्री जांभेकरांच्या तसबिरीला हार घालता, ते मात्र चालू ठेवा. १८३२ मध्ये त्या माणसाने ‘दर्पण’ काढला तो एका अंगाला मराठी आणि एका अंगाला इंग्रजी असा, दोन्ही वाचकांना वाचता यावा म्हणून. वाचक जिथे असेल तिथे जायची त्यांना खोडच होती. हार घालताना याचा फार विचार करू नये.

आता तुमच्या जाहिरातदारांकडे वळू, कारण तेही तुमच्याच वळणावर गेलेत. गेल्या वर्षी पुतणीच्या लग्नासाठी कार्यालय बघत होतो. आपल्याच गावातलं एक, नाव नको, चांगलं आहे, तिथल्या पंगतीत मी जिलेबी हाणलेली आहे. म्हटलं, आधी नेटवर बघू. रात्री साडेअकराला साइट उघडली आणि फोनमधून सनई-चौघडा सुरू. बंद कुठून करायचा ते सापडेना. बायको जागी झाली, तिला वाटलं कुणाचं तरी स्टेटस बघतोय. फोटोंमध्ये झुंबरं, संगमरवरी जिना आणि सूटबूट घालून हस्तांदोलन करणारे चार गोरे लोक. पुतणीच्या सासरच्यांना हे दाखवलं असतं तर त्यांनी मानपान वाढवून मागितला असता. हॉलमध्ये पानं किती बसतात? ‘संपर्क करा.’ भाडं? ‘संपर्क करा.’ आचारी तुमचाच घ्यावा लागतो की बाहेरचा चालतो? हा लग्नघरातला सगळ्यात मोठा प्रश्न, त्याचा उल्लेखच नाही. संपर्क केला तर लँडलाइन, ‘हा क्रमांक अस्तित्वात नाही’. नकाशावरची खूण तहसील कचेरीच्या आवारात. तिथे लग्न होतं म्हणा, पण पंगत बसत नाही.

शेवटी एका मध्यस्थ पोर्टलवर नंबर टाकला. तासाभरात नऊ फोन आले. सातारा, कराड, एक तर थेट पनवेलहून. आपल्या गावातल्या कार्यालयाचा एकही नाही. लग्न शेजारच्या तालुक्यात झालं. जिलेबी बरी होती. नंतर त्या कार्यालयाचे मालक रस्त्यात भेटले, म्हणाले, ‘अहो, हल्ली लोक गावाबाहेर लग्नं करायला लागलेत, काय दिवस आलेत!’ मीही मान हलवली.

हॉटेलवाल्यांचं थोडक्यात सांगतो. मेन्यूकार्डाचा तिरका फोटो, त्यावर मिसळ तीस रुपये. गिऱ्हाईक तो फोटो दाखवून भांडतं. कपडेवाल्याचं दुकान सोमवारी बंद असतं हे सोडून त्याच्या साइटवर सगळं आहे, त्याच्या आजोबांचा काव्यसंग्रहसुद्धा.

एवढं झाल्यावर तुम्ही म्हणाल, आमचं फेसबुक पेज आहे की! बरोबर. स्वतःची जागा घेऊन काय करायचंय, दुसऱ्याच्या ओट्यावर टोपली मांडलेली बरी. भाडं नाही, झाडलोट नाही. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक, व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्राम तिन्ही एकदम सहा-एक तास बसले, तेव्हा तेवढीच विश्रांती मिळाली. २०२३ च्या ऑगस्टपासून कॅनडात या तिन्हींच्या मालक कंपनीने बातम्या दाखवणंच थांबवलं, सरकारशी पैशांवरून वाजलं म्हणून. तिथल्या छोट्या गावांतल्या पेपरांची पानं वाचकांना दिसेनाशी झाली. पण ते कॅनडात. गुगलने छोट्या दुकानदारांना फुकट साइट काढून दिल्या होत्या, त्या मार्च २०२४ मध्ये बंद केल्या. आपल्याकडच्या चिवडेवाल्याने तर त्याच पत्त्याची पाकिटं छापून ठेवली होती. अजून दोन पोती शिल्लक आहेत. चिवडा त्यातच मिळतो. ओट्याचा मालक ओटा धुवायला निघाला की टोपली उचलायची, त्यात कमीपणा कसला?

राहता राहिला खर्च. वेबसाइटच्या नावाची नोंदणी वर्षाला हजाराच्या आतबाहेर, ती इंटरनेटवर ठेवायच्या जागेचं भाडं त्याच्यापेक्षा थोडं जास्त. तुमच्या वर्धापनदिनाच्या पुष्पगुच्छांत हे बसतं, म्हणून मी बोललो नाही. पुष्पगुच्छ महत्त्वाचे. आणि कामाला माणूस म्हणाल तर रोज संध्याकाळी पान लावून झालं की मथळा, मजकूर, तारीख आणि गावाचं नाव चिकटवायला अर्धा तास पुरतो. झगमगाट लागत नाही. एसटी चुकलेल्या माणसाच्या स्वस्त फोनवर, जेमतेम रेंजमध्ये ते उघडलं म्हणजे झालं. चुकून हे सांगितलं, विसरून जा.

मूळ कारागिराला मात्र विसरू नका. साइट तुमच्या मेव्हण्याच्या मुलाने इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षात केली होती. पासवर्ड त्याच्याकडे. नावाच्या नूतनीकरणाचा मेल त्याच्या कॉलेजच्या आयडीवर जातो, तो आयडी कॉलेजने बंद केला. मुलगा आता बंगळुरूला असतो आणि मेव्हण्याशी तुमचं गणपतीपासून बोलणं नाही.

हे सगळं मी काल रात्री लिहिलं. आज सकाळी एक शब्द तपासावा म्हणून पुन्हा साइट उघडली तर लेखणी नाही, सरकती बातमी नाही, फावडेवालाही नाही. काळ्या पडद्यावर सोन्याची नाणी पडतायत आणि एक बाई पत्ते पिसत रमी खेळायला बोलावतेय. नूतनीकरण राहिलं असणार, नाव मोकळं झालं, कुणीतरी उचललं.

घाबरून तुम्हाला फोन केला. तुम्ही शांतपणे ऐकून घेतलंत, मग विचारलंत, ‘चालतेय का पण व्यवस्थित?’

म्हटलं, हो, फोनवर एकदम झटकन उघडते.

‘मग असू द्या,’ म्हणालात, ‘पोराने शेवटी केलं वाटतं काम.’