निघणार नाही, गॅरंटी!

गाडीचं काम शिकताय? मग थ्रेडलॉकर, म्हणजे बोल्ट सैल होऊ नये म्हणून आट्यांना लावायचा गोंद, घ्यायचं तर लालच घ्या. निळं साध्या पान्यानं सुटतं, ते काय कामाचं! सहा एमएमच्या स्क्रूलाही लालच, आणि एका थेंबावर भागवू नका, अंघोळ घाला. आटे आधी पुसायचीही गरज नाही, तेल आणि मातीवरच ओता.

मागच्या रविवारी मागच्या ब्रेकची डिस्क बदलायला बसलो. पाच बोल्ट. पहिला कुरकुरत सुटला. दुसऱ्याचं अ‍ॅलनचं सहाकोनी भोक गोल झालं, म्हणून टॉर्क्सचा, चांदणीच्या आकाराचा बिट ठोकून बसवला, तर तोच मोडून आत राहिला. लाल सोडवायला अडीचशे अंशांच्या आसपास तापवावं लागतं, आणि बोटभर अंतरावर बेअरिंगचं सील. हीट गन धरू तरी कशी? शेवटी चाकाचा मधला भाग, म्हणजे हब, काखेत मारून लेथवाल्याकडे. त्यानं ड्रिल लावायच्या आधी आट्यांतला लाल थर नखानं खरवडून दाखवला आणि नुसता हसला. हे लाल ओतणारा उस्ताद तेव्हा मला म्हणाला होता, "साहेब, आता निघणार नाही, गॅरंटी!"

असो. पुढचं शिका.

एक्सलला काहीच लावू नका. दोन पावसाळे जाऊ द्या, मग पंक्चरवाल्याला घण आणायला सांगा.

डिस्कवर पॅड दाबणाऱ्या कॅलिपरच्या पिनांना मात्र बेअरिंगचं ग्रीस चोपडा. सिलिकॉनचं महाग पडतं. रबर फुगून पिन अडकली की एकच पॅड झिजेल, दुसरा कोरा राहील. अर्धा खर्च वाचला!

चाकाच्या नटांना अँटी-सीझ, म्हणजे आटे जाम होऊ नयेत म्हणून लावायचं वंगण, बरबटा आणि टॉर्क रेंच, म्हणजे किती जोरानं आवळायचं ते मोजणारा पाना, कोरड्या आट्यांच्या आकड्यावरच ठेवा. बुळबुळीत आट्यांवर त्याच आकड्याला स्टड जास्त ताणला जातो, पण ताण त्याला, तुम्हाला थोडाच! टॉर्क रेंच नसेल तर पान्याला पाईप लावून वर उभे राहा.

स्पार्क प्लगलाही अँटी-सीझ लावा. आट्यांवर मुलामा असतो तो काय शोभेला.

अरे, पण डिस्क झिजते! झिजणारी वस्तू कधीतरी काढावी लागणारच, एवढं कळत नाही? कुठे निळं, कुठे ग्रीस, कुठे काहीच नाही, हे सर्व्हिस मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं. ते उघडायचं नाही, बाटलीवरचं वाचायचं नाही, आणि वर गॅरंटी द्यायची? कुणाच्या जिवावर? लोक त्या ब्रेकवर पोरांना मागे बसवून घाट उतरतात रे!

चार बोल्ट निघाले. पाचवा अजून हबमध्येच आहे, डोकं उडालेला. लेथवाला गुरुवारी ये म्हणालाय.