धीयंत्र म्हणजे समाधी नव्हे, हातातली काठी

दर काही महिन्यांनी एक मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर नव्याने उगवतो. सारांश असा: आपल्या ऋषींकडे यंत्रे नव्हती, तरी समाधीत बसून त्यांनी ग्रहांच्या गती अचूक सांगितल्या. भास्कराचार्यांनी तर ‘बुद्धी हेच खरे यंत्र’ असे लिहून बाकीची यंत्रे मोडीत काढली. सूर्यसिद्धान्त हा ग्रहगणिताचा ग्रंथ लाखो वर्षांपूर्वीचा आणि त्यातला एकही आकडा बदललेला नाही. जंतरमंतर ही वैदिक वेधशाळा. आणि सूर्याचे अंतर हनुमानचालिसातच दिलेले आहे. शेवटी ‘अभिमान असेल तर पुढे पाठवा’ आहेच. अभिमान आहे, म्हणून पुढे न पाठवता एकेक मुद्दा घेतो.

‘यंत्रे नव्हती.’ ब्रह्मगुप्ताने 628 साली ब्राह्मस्फुटसिद्धान्त लिहिला, त्यात यंत्रांवर स्वतंत्र अध्याय आहे. भास्कराचार्यांच्या 1150 च्या सिद्धान्तशिरोमणीतही यंत्राध्याय आहे. नसलेल्या वस्तूंवर कोणी अध्याय लिहीत नाही.

त्यातले सगळ्यात साधे यंत्र शंकू, म्हणजे बारा अंगुळांचा उभा खुंट. पाणसळ करून घेतलेल्या जमिनीवर वर्तुळ काढायचे आणि मध्यभागी शंकू रोवायचा. सकाळी सावलीचे टोक परिघ ओलांडून आत येते, दुपारनंतर बाहेर पडते. त्या दोन खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम रेषा मिळते. कात्यायनाच्या शुल्बसूत्रात, म्हणजे यज्ञवेदीच्या मापांच्या ग्रंथात, ही कृती आहे. पुढे विषुवदिनी भर माध्यान्ही याच शंकूची सावली मोजली की पलभा कळते. उज्जैनला ती पाच अंगुळांहून थोडी जास्त, पुण्याला जवळजवळ नेमकी चार. एवढ्या एका मापात त्या गावाचे अक्षांश येतात.

कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी ग्रहलाघवात (शके 1442, म्हणजे 1520) यापुढचा दिनमानाचा, म्हणजे दिवसाच्या लांबीचा, हिशेब इतका सोपा केला आहे की कागदाच्या पाठीवर होतो. पलभेला अनुक्रमे दहाने, आठने आणि साडेतीनच्या किंचित खाली, म्हणजे दहा-तृतीयांशाने गुणा. पुण्यासाठी 40, 32 आणि 13⅓ पळे आली. बेरीज 85⅓ पळे. एक पळ 24 सेकंदांचे, म्हणजे साधारण 34 मिनिटे. वर्षातल्या सगळ्यात मोठ्या दिवशी सूर्य सहाच्या इतका आधी उगवतो आणि इतकाच नंतर मावळतो, म्हणून दिनमान 13 तास 8 मिनिटे. आजच्या त्रिकोणमितीने, वातावरणातले वक्रीभवन बाजूला ठेवून, 13 तास 7 मिनिटे येते. हे समाधीत सुचले असे म्हणणे गणेश दैवज्ञांवर अन्याय आहे. खुंटाची सावली आणि तीन गुणाकार यांवर हे उभे आहे.

रात्री सावली नाही, मग घटिकापात्र. तळाला भोक पाडलेले तांब्याचे वाटीसारखे पात्र पाण्यात सोडायचे, ते भरून बुडाले की एक घटका झाली. सूर्यसिद्धान्त सांगतो की ते अहोरात्रात साठ वेळा बुडाले पाहिजे. (लग्नघरात घंगाळात सोडलेले घटिकापात्र पाहिलेली माणसे आपल्याकडे फार जुनी नाहीत.) जुन्या काही ग्रंथांत पात्राचे वजन किती, भोक केवढे, अशी मापे दिलेली असतात. भास्कराचार्य त्या वाटेला जात नाहीत. पात्र कसेही असो, दिवसरात्रीत ते किती वेळा बुडते ते मोजा आणि त्या संख्येने अहोरात्राला भागा, म्हणजे तुमच्या पात्राचे माप कळेल. याला आपण आज यंत्राचे अंशांकन म्हणतो.

‘भास्कराचार्यांनी बुद्धीलाच यंत्र म्हटले.’ म्हटले आहे, हे खरे. गोल, नाडीवलय, यष्टी, शंकू, घटी, चक्र, चाप, तुर्य, फलक अशी यादी देऊन ते म्हणतात की परमार्थाने एकच यंत्र, धी. पण मजकूर लिहिणारा इथेच थांबला. त्याच अध्यायात धीयंत्र वापरायचे कसे ते दिले आहे, आणि त्यासाठी हातात काठी लागते.

समोर लांबवर वेळू उभा आहे, मध्ये ओढा असेल तरी चालेल. काठीचे एक टोक डोळ्याशी धरून दुसरे वेळूच्या बुंध्यावर रोखा. दोन्ही टोकांपासून ओळंबे सोडा. समजा (आकडे माझे), डोळा जमिनीपासून 72 अंगुळे आहे, दोन ओळंब्यांत आडवे अंतर 48 अंगुळे आणि काठीचे पुढचे टोक डोळ्यापेक्षा 6 अंगुळे खाली. सहाला अठ्ठेचाळीस, तर बहात्तरला किती? 576 अंगुळे, म्हणजे 24 हात. वेळू तेवढ्या अंतरावर आहे. आता काठी शेंड्यावर रोखली की त्याच त्रैराशिकाने उंची निघते. दिसणाऱ्या कोणत्याही वस्तूचे माप यातून सुटत नाही, असे भास्कराचार्य मोठ्या ऐटीत सांगतात, आणि ती ऐट त्यांना शोभते. डोळे मिटून मात्र हे यंत्र चालत नाही.

समाधीचा मुद्दा तर आपल्याच परंपरेत पाचशे वर्षांपूर्वी खोडला गेला. केरळचे नीलकंठ सोमयाजी यांनी सोळाव्या शतकाच्या आरंभी ज्योतिर्मीमांसा लिहिली. आर्यभटाला ब्रह्मदेवाच्या कृपेने ज्ञान झाले, मग आपण वेध घेऊन तपासायचे काय, असे म्हणणाऱ्यांना ते बजावतात की देवाचा प्रसाद बुद्धी निर्मळ होण्यापुरता. ब्रह्मा किंवा सूर्य स्वतः येऊन शिकवत नाही. त्यांच्याच परंपरेतल्या परमेश्वरांनी 1393 ते 1432 या काळातल्या ग्रहणांच्या नोंदी ठेवल्या आणि 1431 मध्ये दृग्गणित हा वेधांशी जुळणाऱ्या गणिताचा ग्रंथ रचला. एक माणूस चाळीस वर्षे ग्रहणे टिपत बसतो, ते उत्तर आधीच ठाऊक असल्यामुळे?

आर्यभटाचेही तेच. त्याच्या 24 ज्यांतरांची, म्हणजे लागोपाठच्या ज्यांमधील (साइनमधील) फरकांची, पूर्ण सारणी एका श्लोकात बसते. सुरुवात ‘मखि भखि’. त्याच्या पद्धतीत म म्हणजे 25 आणि खि म्हणजे 200, म्हणून मखि 225. भ 24, म्हणून भखि 224. असे शेवटच्या 7 पर्यंत. सगळ्यांची बेरीज 3438, म्हणजे कलांत (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) मोजलेली त्रिज्या. ही पाठांतरासाठी केलेली कोष्टकाची आवृत्ती आहे. ग्रहाचे स्थान काढताना या ज्या पदोपदी लागतात.

‘सूर्यसिद्धान्तातला आकडा बदललेला नाही.’ बदलला आहे, आणि तो दाखवता येतो. महायुगाच्या 43,20,000 वर्षांत किती दिवस, याला जुना सूर्यसिद्धान्त 1,57,79,17,800 सांगतो. आज छापून मिळणारा 1,57,79,17,828. अठ्ठावीस दिवसांचा फरक कोणीतरी विचारपूर्वक घातला. गणित आणि आकाश जुळेनासे झाले की बीजसंस्कार करून दुरुस्ती करायची, ही ज्योतिषांची उघड रीत होती. त्यात लपवण्यासारखे काही नाही.

जंतरमंतरबद्दल फार लिहायला नको. सवाई जयसिंहाने ही बांधकामे अठराव्या शतकात केली, दिल्लीचे 1724 च्या सुमारास. नजर समरकंदला वेधशाळा बांधणाऱ्या उलुगबेगावर होती. पोर्तुगालला माणसे पाठवून त्याने ला हीर या फ्रेंच खगोलज्ञाची कोष्टके मागवली आणि त्यात चंद्राच्या स्थानात अर्ध्या अंशाची चूक काढली. वैदिक म्हणून त्याची उंची वाढत नाही.

राहिले सूर्याचे अंतर. हनुमानचालिसातल्या ‘जुग सहस्र जोजन’ या ओळीत ‘युग’ म्हणजे 12,000, सहस्र म्हणजे हजार आणि योजन म्हणजे आठ मैल असे धरून गुणले की हवा तो आकडा येतो. पण योजन एक नव्हे: आर्यभटाच्या मते पृथ्वीचा व्यास 1050 योजने, सूर्यसिद्धान्ताच्या मते 1600. त्यापेक्षा ज्योतिषांनी स्वतः काय लिहिले ते पाहावे. सूर्यसिद्धान्तात चंद्रकक्षेचा परिघ 3,24,000 योजने. त्यावरून चंद्र पृथ्वीच्या सुमारे 32 व्यासांइतका दूर येतो. आजचे मूल्य 30. हे उत्तमच आहे. सूर्यकक्षेचा परिघ 43,31,500 योजने, म्हणजे अंतर सुमारे 430 व्यास. खरे अंतर 11,700 च्या वर. सत्तावीस पट चूक.

चूक का झाली, हेही सांगता येते. चंद्राचे लंबन, म्हणजे पाहण्याची जागा बदलल्याने त्याच्या दिसणाऱ्या स्थानात पडणारा फरक, जवळजवळ एक अंश असल्याने ते नुसत्या डोळ्यांनी पकडता येते. सूर्याचे लंबन नऊ विकलांहूनही (विकला म्हणजे कलेचा साठावा भाग) कमी, ते शंकूने काय, कुठल्याच नळीने दिसले नसते. म्हणून सर्व ग्रह रोज सारखीच योजने, सुमारे 11,859, चालतात असे गृहीत धरून सूर्याचे अंतर काढले. गृहीतक चुकले, गणित नाही. ग्रीक ज्योतिषी टॉलेमीही याच ठिकाणी सुमारे वीस पटींनी चुकला होता. युरोपला सूर्याच्या अंतराचा बऱ्यापैकी अंदाज आला तो 1672 मध्ये, पॅरिस आणि कायेन या दोन ठिकाणांहून एकाच वेळी मंगळाचे वेध घेतल्यावर, आणि तेव्हा त्यांच्या हातात दुर्बीण होती.