बुरशी दिसली म्हणून खताचा डबा फेकू नका, पण तोंडावर मास्क लावा

पावसाळा लागला की आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर ओल्या कचऱ्याचं खत करायच्या डब्यांचे फोटो येऊ लागतात. वर पांढरा मऊ थर आणि खाली प्रश्न, 'फेकून देऊ का?'

कृपा करून फेकू नका. पांढरी बुरशी आली म्हणजे डबा बिघडला असं नाही. सुकी पानं, नारळाचं सोडण, फणसाची चारखंडं (गरे काढल्यावर उरणारा सालीचा भाग) यांतला चिवट भाग फोडण्याचं मोठं काम तीच करते. पावावर, लिंबाच्या सालीवर हिरवट-निळी येते, तीही कुजण्याचाच भाग. बिघाड कळतो तो वासावरून. कुजक्या अंड्यांची घाण येत असेल तर आत पाणी साचलंय, हवा पोचत नाही. गोव्यातल्या पावसात हे हमखास होतं, आणि चवथीनंतर माटोळीची, म्हणजे गणपतीच्या वर टांगलेली, फळं, पानं एकदम डब्यात गेली की जास्तच. त्यावर उपाय सुकी पानं. उन्हाळ्यात परसात आंब्या-फणसाची पानं जाळतात, ते बघून जीव तुटतो. पोती भरून ठेवा, पावसात तीच लागतात. फिनाईल किंवा ब्लीच मात्र ओतू नका, त्याने कुजवणारे जीवच मरतात.

२०२१ मध्ये 'ब्लॅक फंगस'च्या बातम्या आल्या, तेव्हापासून लोक कुठलीही बुरशी पाहून दचकतात. त्या आजारातला काळा रंग मेलेल्या मांसाचा असतो. डब्यातल्या बुरशीचा रंग बघून धोका ठरत नाही.

पण धोका नाहीच, असंही कुणी सांगू नये. डबे वाटणारे नेमकं हेच सांगतात, याचा मला राग येतो. खतात अ‍ॅस्परजिलस फ्युमिगेटस नावाची बुरशी सर्रास असते. तिचे बीजाणू २ ते ३ मायक्रॉनचे, थेट फुप्फुसात खोलवर जाणारे. सुकं खत ढवळलं की ते धुळीबरोबर उडतात. धडधाकट माणसाला सहसा काही होत नाही. दमेकरी, कॅन्सरचे उपचार चालू असलेले, अवयव बदललेले, बरेच दिवस स्टिरॉइड घेणारे यांनी मात्र हे काम दुसऱ्यावर सोपवावं. मधुमेह आटोक्यात नसेल तरीही तेच. आणि बहुतेक घरांत डबा ढवळायचं काम कुणाकडे असतं? आजी-आजोबांकडे!

बाकीच्यांनी आधी पाणी शिंपडून मग ढवळावं, उघड्यावर, एन-९५ मास्क आणि हातमोजे घालून. कापडी रुमालाने भागत नाही. डब्यात तोंड घालून वास घेऊ नये. डबा स्वयंपाकघरात किंवा झोपायच्या खोलीच्या खिडकीखाली नको. खत हाताळल्यावर ताप, खोकला, धाप लागली तर डॉक्टरांना खताचं आवर्जून सांगा. आपण सांगितलं नाही तर त्यांना कळणार कसं?

आमच्या कॉलनीत पुढचे डबे येतील तेव्हा प्रत्येक डब्याबरोबर मास्क द्यावा आणि घरात दमेकरी कोण आहे ते आधी विचारावं, अशी मागणी मी लेखी देणार आहे. तुमच्याकडेही द्या.